धाकटीचं वजन

धाकटी नुसती नावाला धाकटी. आकाराने ती घरात सगळ्यांत थोरली, आणि या एका विनोदावर तिच्या दादाने आजवरचं आयुष्य काढलं होतं. दोघं एकाच सोफ्याच्या कारखान्यात कामाला. ती सोफ्यांना स्प्रिंगा बसवून कापड चढवायची, तो टेम्पो चालवायचा. माल चढवायला माणूस कमी पडला की तो तिलाच सोबत न्यायचा. बिनपैशाची क्रेन म्हणे. त्याला स्वतःला सगळे सुतळी म्हणत, आणि ते त्याला भारी आवडायचं.

त्या सकाळी कारखान्यात तपासणीला नर्सबाई आल्या. रांगेत धाकटी पुढे, दादा मागे. बाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, बोट टोचून साखर पाहिली.

"आज प्रेशर, साखर दोन्ही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण वजनाचा भार हृदयावर पडतोच. चालत राहा, दरवर्षी तपासून घ्या."

धाकटीने मान डोलावली. सरळ बोलणं होतं, तिला राग आला नाही.

मग दादा बसला. बाईंनी प्रेशर दोनदा घेतलं, साखर पाहिली, पोटाभोवती टेप फिरवली. सैल शर्टाखाली चांगलं मडक्याएवढं पोट निघालं.

"प्रेशर वाढलंय तुमचं, साखरही. हातपाय बारीक असले तरी चरबी पोटात साठलीये. यांच्यापेक्षा तुमच्या हृदयाला जास्त धोका आहे. छातीत कधी दुखतं?"

"हिच्या दंडाला बांधून पट्टा सैल झालाय तुमचा," दादा म्हणाला. "मशीन खरं काय सांगणार?"

अख्खी रांग फिदीफिदी हसली. बाईंनी दुसरा पट्टा काढून बांधला. आकडा तोच आला, तरी दादा शीळ घालत टेम्पोकडे निघून गेला.

धाकटीला हसू आलं नाही. बाबाही असेच सडपातळ होते. बुटाची नाडी बांधता बांधता गेले. भेटायला आलेला जो तो 'एवढा बारीक माणूस, हृदयाने कसा गेला' म्हणत तिच्याकडे बघत होता, जणू खरा नंबर तिचा होता आणि बाबाच मध्ये घुसले.

दुपारी एक सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवायचा होता. लिफ्ट बंद. दादा वरच्या टोकाला, धाकटी खालच्या, म्हणजे खरा भार तिच्यावरच. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा थांबला. चेहरा घामाने डबडबलेला, एक हात छातीवर.

"दमली असशील," तो म्हणाला. "टेक जरा."

"दम तुला लागलाय, दादा."

"ॲसिडिटी आहे. उचल."

धाकटीने सोफा वळणावर नीट टेकवला आणि त्यावर ऐसपैस बसली.

"ऊठ. गिऱ्हाईक वाट बघतंय."

"बघू दे."

"तमाशा करू नकोस. तुझ्या वजनाने स्प्रिंगा जातील."

आजवर अशा वाक्यावर ती कसनुसं हसून उठायची. आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या हातच्या स्प्रिंगा आहेत, मला पेलतात. तू आत्ता दवाखान्यात चल. टेम्पो मी चालवते."

"आधी स्वतःकडे बघ."

"बघते. बाईंनी सांगितलंय ते माझं मी करीन. घरात कुणाचं काही दुखलं की सगळे माझ्या ताटाकडे बघतात. बघा खुशाल. पण माझ्या जाडीआड लपून तू मरायचं नाहीस, दादा. बाबा गेले. तुला मी जाऊ देणार नाही."

छातीवरचा हात तसाच ठेवून दादाने दुसऱ्या हाताने खिशातल्या चाव्या काढल्या आणि तिच्यापुढे धरल्या.

"अहो, सोफा कुठे अडलाय?" गिऱ्हाईक वरून ओरडलं.

धाकटीने दादाच्या काखेत हात घातला, त्याचा सगळा भार अंगावर घेतला आणि पायरी उतरली.

"सोफा राहील तिथेच," ती खालूनच म्हणाली. "भाऊ राहायचा नाही."