निर्दोष वंशाचे पदक

फ्रान्समधले महायुद्ध संपल्यानंतरची ती वर्षे आमच्या देशात सुधारणांची होती. दारूचे गुत्ते बंद झाले होते, दुधाची तपासणी होऊ लागली होती, गिरण्यांतली मुले शाळेच्या बाकांवर येऊ लागली होती. या प्रत्येक सुधारणेसाठी मी, कॅन्ससमधल्या वेदरली गावच्या चर्चचा पाळक ऑरिन टेट, वेदीसमोर गुडघे टेकून प्रार्थना केली होती. म्हणून १९२४ च्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्याच्या कृषिमेळ्यात, गुरांच्या प्रदर्शनाला लागूनच 'उत्तम कुटुंब' निवडण्याचा तंबू उभा राहिला, तेव्हा त्यालाही आशीर्वाद मीच दिला. ते शब्द माझ्या जिभेवर अजून नासलेल्या दुधासारखे आहेत.

स्पर्धेत उतरणाऱ्या कुटुंबाला पाळकाचा दाखला लागे: मुले किती, आणि घराण्यात वेड, व्यसन, फेफरे काही नाही ना. मेळ्याआधीच्या रविवारी क्लेटन रिजवे आणि त्याची पत्नी लिओटा माझ्या अभ्यासिकेत आली. कॅन्ससच्या त्या भागात क्लेटनच्या बैलांचे नाव होते.

"पाळकसाहेब, तीन मुलं लिहा," क्लेटन म्हणाला.

"चार आहेत, क्लेटन. चौघांचाही बाप्तिस्मा माझ्याच हातचा."

"चौथीचं काय धरून बसलात? तिला फिट येतात, घराबाहेर तिला कुणी ओळखतही नाही. एका किडक्या दाण्यापायी अख्खं कणीस फेकायचं होय?"

लिओटा इतका वेळ मांडीवरचे हातमोजे चुरगाळत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "लिहा ना, पाळकसाहेब. आयडेलाचं नाव तंबूतल्या तपासणीच्या डॉक्टर प्रुइटांच्या कागदावर गेलं, तर तिला सरकारी आश्रमात नेतील. तिथे पोरींना कापतात हो, पुढे मूल होऊ नये म्हणून. अकरा वर्षांची आहे ती."

पतीला पदक हवे होते आणि पत्नीला मुलगी. दोघांच्याही इच्छा एकाच असत्याने पुऱ्या होत होत्या. मी दाखल्यावर 'तीन' लिहिले आणि सही केली.

मेळ्याच्या दिवशी आयडेलाला घरी एकटी ठेवणे शक्य नव्हते. तिला मेळ्यातल्याच गोठ्यात, त्यांच्याच कालवडीशेजारी, टोपडे डोळ्यांवर ओढून बसवले होते. कुणी विचारलेच तर 'मी शेजारच्यांची' असे सांगायचे, हेही पढवले होते. मी जवळून गेलो तेव्हा तिने मला ओळखले आणि कुजबुजत विचारले, "पाळकसाहेब, आमचा नंबर लागला का हो?"

मी तंबूत शिरलो. आत जंतुनाशक कार्बोलिकचा वास होता आणि कनातीखालून शेणाचा वास येत होता. डॉक्टर प्रुइट अतिशय सभ्य गृहस्थ, नखे स्वच्छ, आवाज मृदू. लोखंडी मापकाच्या चिमट्यात ते एकेकाचे डोके धरीत आणि आकडा कारकुनाला सांगत. लिओटाचे दात त्यांनी बोटाने मोजले. क्लेटनने तर सांगण्याआधीच तोंड उघडले. कनातीपलीकडे त्याच क्षणी त्याच्या बैलाचे दात कुणीतरी पाहत होते, आणि दोन्हीकडचे कागद एकाच आकाराचे होते.

पहिला क्रमांक रिजवे कुटुंबाचा आला. उत्तम वारशाविषयी स्तोत्रकर्त्याने ईश्वराचे आभार मानले आहेत, ते वचन पदकावर कोरले होते. मरणोन्मुखांच्या उशाशी मी ते कितीदा वाचले असेल! आता ते एका ब्राँझच्या चकतीवर होते.

"बैलाला निळी फीत, मालकाला पदक!" गर्दीतून कुणी ओरडले.

"मालकिणीला विसरू नका, जात तिचीही चांगली आहे!" क्लेटनने हाक दिली, आणि लोक पोट धरून हसले.

त्याच वेळी गोठ्यातून किंकाळी आली. आम्ही सारे धावलो. आयडेला पेंढ्यात पडली होती, तिला झटके येत होते. तोंडाच्या फेसाला काड्या चिकटल्या होत्या. डॉक्टरांनी तिच्या दातांत लाकडाचा तुकडा धरला, आणि दुसऱ्या हाताने खिशातून वही काढली.

"कुणाची मुलगी ही?"

लिओटा पुढे झाली. क्लेटनने तिचे मनगट धरले.

"आमची नाही," तो म्हणाला. कोटावरचे पदक त्याने अजून काढले नव्हते. "असेल कुणा गाडीवाल्याची."

लिओटाने पतीकडे पाहिलेही नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

"माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची? तुमचं तर लग्नही झालेलं नाही, पाळकसाहेब!" मागून कुणी म्हणाले, आणि गर्दीत हशा उसळला.

"मी सांभाळतो तिला. वहीत लिहायचंच असेल तर पत्ता चर्चचा लिहा, डॉक्टर. न्यायला याल तेव्हा रविवारी या, सगळी मंडळी हजर असेल."

प्रुइटांनी क्षणभर विचार केला. मेळ्याच्या समितीत मीही होतो. "ऊन लागलं असेल पोरीला," असे म्हणून त्यांनी वही मिटली.

मी तिला उचलले. तिची वस्त्रे ओली झाली होती आणि माझा कोटही भिजला. त्या दिवशी मला जे जे शिवले त्यात तेवढेच एक निर्मळ होते.

आयडेला माझ्याकडेच राहिली, आयडेला टेट म्हणून. दर गुरुवारी लिओटा चर्चची वस्त्रे धुण्याच्या निमित्ताने येई, आणि मायलेकी माझ्या स्वयंपाकघरात सफरचंदे सोलत बसत. लिओटा १९३८ साली वारली. क्लेटन तिला भेटायला कधीच आला नाही. पदक मात्र त्याच्या बैठकीत भिंतीवर होते.

मग दुसरे महायुद्ध झाले. १९४५ च्या वसंतात जर्मनीतल्या छावण्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रात आली. उपासनेनंतर चर्चच्या दालनात कॉफी चालली होती. म्हातारा झालेला क्लेटन वर्तमानपत्र उघडून माझ्यासमोर बसला.

"माणसांना जनावरांसारखं निवडलं हो, पाळकसाहेब! कसली ही माणसं! मला तर किळस येते."

माझीही सही एका कागदावर होती.

आयडेला किटली घेऊन आली. बत्तीस वर्षांची, केस नीट विंचरलेले. "साखर?"

"दोन चमचे, मिस टेट," तो मान वर न करता म्हणाला.

साखर तेव्हा शिधापत्रिकेवर होती. तरी तिने तीन चमचे घातले. चारचौघांत तो दोन सांगतो आणि घरी तीन घेतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते.

क्लेटनने एक घोट घेतला. मान वर करून तिच्याकडे पाहिले. मग वर्तमानपत्राचे पान उलटले आणि पुन्हा त्यात डोके घातले.