खारा हात

काही माणसांच्या हातालाच खार असतो, त्यांनी धरलेलं लोखंड एका रात्रीत गंजतं, असं मोटारींची कामं करणारे जुने मिस्त्री म्हणत. खरं-खोटं लोखंडच जाणे. पण एकदा का कुणाच्या हातावर हा शिक्का बसला, की पुढे त्याला कुठल्याही गॅरेजात पाना धरू देत नसत. सांगलीच्या आकाराम मिस्त्रीने उभ्या जन्मात एकाच माणसावर हा शिक्का मारला होता.

लढाई सुरू होऊन पेट्रोलला रेशन लागलं, तेव्हा त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या लालासाहेबांनी आपली मोटार त्याच्याकडे खोलून ठेवायला दिली. सुटे भाग हाताखालच्या गुंडाने रॉकेलमध्ये धुऊन कोरडे करायचे आणि आकारामने ते ग्रीस चोळून फडक्यात बांधायचे, असं ठरलं होतं. गुंडाने आपलं काम चोख केलं. आकाराम मात्र ग्रीस न चोळताच ते फडक्यात बांधून कुस्त्यांच्या मैदानाला गेला आणि चार दिवस तिकडेच रमला. लालासाहेबांनी फडकी सोडली तर सगळं तांबडंलाल. आकाराम बोलून गेला, "गुंडाचा हात खारा हाय, साहेब."

उसाच्या चरकात उजवी करंगळी गमावलेला कडेगावचा गुंडा, गरीब गडी, शेजारीच उभा होता. तो "आसंल गड्या," एवढंच म्हणाला. पुढे त्याला कुणी कामावर घेतलं नाही. तो पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशातून परत आलाच नाही.

लढाई संपली, तशी लालासाहेबांनी मोटार जोडायला सांगितली. वैशाखाचे दिवस होते, हवेत ओलाव्याचं नाव नव्हतं. इंजिनामागचं ताटाएवढं फ्लायव्हील आकारामने घासून लख्ख केलं, स्वतःच्या हाताने ग्रीस लावून बांधलं, आणि सकाळी फडकं सोडलं तर मधोमध गंजाचा एक पंजा उठलेला होता. अंगठा, तीन बोटं, आणि करंगळीची जागा कोरी. त्याने तो घासून काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच. आकाराम भ्याला नाही. त्याला लाज वाटली, कुणी भर बाजारात धोतर फेडावं तशी.

आठ दिवसांनी तो कडेगावला गुंडाच्या आईकडे, तानुबाईकडे गेला. खरं सांगून टाकायचंच, असं रस्ताभर त्याने मनाशी घोकलं होतं. म्हातारीने त्याला पाणी दिलं आणि आढ्यातून एक विळा काढून पुढ्यात धरला.

"त्येचाच इळा ह्यो. त्यो गेल्यापास्नं कवा गंजला न्हाई बघ. मग लोक आसं का रं म्हनत्यात, आकारामा?"

विळा चकचकीत होता. आकाराम पाणी प्यायला आणि तसाच परत आला.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब गॅरेजात आले. फ्लायव्हीलवरचा डाग बघून हसत म्हणाले, "काय रं आकाराम, गुंडाचा हात अजून गेला न्हाई व्हय ह्यातनं?"

खरं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण दारात गिऱ्हाइकं उभी होती, सगळी त्याला मान देणारी.

"व्हय साहेब," तो म्हणाला, "लय खारा हात गड्याचा."

ते गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली. मेलेल्या माणसाच्या नावावर आपण दुसऱ्यांदा शेण फासलं होतं. त्याने फ्लायव्हील पुन्हा लख्ख केलं, आपला उजवा हात पाचही बोटं पसरून त्यावर दाबला, आणि उचलला. बघता बघता लोखंड तांबडं होत गेलं. अंगठा उमटला. मग तीन बोटं. करंगळीची जागा कोरीच राहिली.

हाताकडे न बघता त्याने तो कोटाच्या खिशात घातला.

दुपारी बायकोने, बनुबाईने, ताट वाढलं. भाकरी गार झाली, ती दोनदा "आवं, जेवा की" म्हणाली, तरी आकारामने खिशातला हात बाहेर काढला नाही.