बारा वाजण्याआधीचा निरोप

मी एक छोटी दुर्बीण बोलतेय. डिंडोलीतल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी मी उभी असते. माझ्या तोंडावर सूर्याचा काळा फिल्टर आहे. तो नसताना माझ्यातून सूर्याकडे पाहिलं, तर डोळा जाईल.

बोटीवर नोकरी लागताच प्रज्ञेशनं मला बहिणीसाठी, चैतालीसाठी आणलं. इच्छापोरच्या कारखान्यात जाण्याआधी ती रोज सूर्यावरचे डाग वहीत काढते, मोबाईलवर वेधशाळांचे नकाशे ताडून बघते.

या मे महिन्यात एक डाग चार दिवसांत फुगला. त्याला फाटे फुटले, आणि ते एकमेकांत घुसले. असा गुंता झाला की सौरज्वाला उसळू शकते. मग दिवसाउजेडी लांब पल्ल्याचा रेडिओ काही तास मुका होतो.

प्रज्ञेश तेव्हा खोल समुद्रात होता. बोटीचा उपग्रह फोन बिघडलेला. किनाऱ्यावरचा रेडिओ सांभाळणारे राघोकाका सकाळी आठ आणि दुपारी बारा वाजता बोटीशी बोलत, तेवढाच दुवा. त्यात अरबी समुद्रात वादळ घोंघावू लागलं होतं.

एके दिवशी चैतालीच्या शब्दावर काकांनी बोट माघारी बोलावली. ज्वाला आली नाही, वादळही रेंगाळलं. बोटीच्या मालकसाहेबांनी काकांना चारचौघांत झापलं आणि बोट पुन्हा समुद्रात धाडली.

दुसऱ्या सकाळी डाग आणखी पिळवटला होता. तिनं फोकस दोनदा फिरवून पाहिला. आई सोनाबाई जिन्याच्या पायरीवर बसली होती. आठला दहा मिनिटं असताना चैतालीनं फोन लावला.

“काका, वळायचा हुकूम आठलाच द्या. बाराची वाट नको.”

“काल पण हेच बोललीस ना, बेटा. आज नाही झालं तर?”

“तर मी चुकले, असं साहेबांना मी येऊन सांगेन. पण झालं, तर बाराला तुमचा आवाज पोचणार नाही.”

काकांनी निरोप दिला. बोटीच्या कप्तानानं ‘बघतो’ एवढंच म्हटलं.

पावणेबाराला काकांचा फोन आला. रेडिओ ठप्प झाला होता. बोट वळली की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चैताली कामावर गेलीच नाही. सोनाबाई पायरीवरून उठली नाही. दुपारी वारा इतका वाढला की मला आडवं करून चादरीत गुंडाळलं. मी फक्त ऐकत राहिले.

साडेचारला मोबाईल वाजला.

“आई, किनारा दिसतोय,” प्रज्ञेश म्हणाला. सोनाबाई पायरीवरून उठल्याचं मला ऐकू आलं.

आता तो डाग सूर्याच्या पश्चिम कडेआड गेलाय. पलीकडे तो विरतोय की वाढतोय, मला दिसत नाही. अंदाज चुकतात, पुढेही चुकतील. तेव्हा तुम्ही चैतालीला हसाल. हसा, पण निरोप तेवढा पोचवा.