लांब बाजू उजवीकडे

मित्रांनो, मी सायकलचा एक जुना एक्सल आहे. दोन पायडलांच्या मधे, नळीच्या पोटात मी आडवा पडून असतो. मला कुणी पाहत नाही, आणि खरे तर पाहण्यासारखे माझ्यात काही नाहीही. माझी एक बाजू लांब, दुसरी आखूड. लेथवर कातणाऱ्या कारागिराने मला मुद्दामच असे घडवले, कारण चेन ओढणारे दातेरी चेनव्हील लांब बाजूला बसते. पण आपल्यातच काही खोट आहे, असे मला पहिल्यापासून वाटत आले.

उमेदीची वर्षे मी एका दूधवाल्याकडे काढली. चढावर दोन्ही कॅनांचा भार माझ्यावर यायचा, आणि तो कौतुकाने म्हणायचा, एक्सल असावा तर असा. पुढे त्याने मोटरसायकल घेतली, आणि मी सायकलच्या दुकानात गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात जाऊन पडलो.

तिथून मला पेंटरकाकांनी उचलले. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. काकू शिवणकाम करायच्या आणि शिवलेले कपडे सायकलवरून घरोघर पोचवायच्या. गुडघ्याच्या दुखण्याने त्या काही महिने घरी बसल्या, तेव्हा काकांनी त्यांची सायकल न विचारताच भंगारात देऊन टाकली. काकू रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "बरं झालं, जागा झाली," एवढेच म्हणाल्या. ते वाक्य काकांना काट्यासारखे सलत राहिले. गुडघा बरा झाल्यावर काकू पिशवी घेऊन पायीच निघू लागल्या, आणि काका सुटे भाग जमवून त्यांच्यासाठी सायकल जोडायला बसले.

रंग त्यांनी फर्मास दिला. घोडे अडले ते माझ्यापाशी. दुकानदाराने बजावले होते, लांब बाजू उजवीकडे. काका सांगाड्याच्या पुढ्यात, हँडलच्या बाजूला बसले आणि माझी लांब बाजू आपल्या उजव्या हाताला येईल असे मला बसवून मोकळे झाले. मग चेनच्या बाजूला चेनव्हीलचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, चढवून पाहतात तर चेनव्हील मागच्या नळीला घासते, आणि पलीकडचा क्रँक उगाच बाहेर लोंबतो. त्यांनी क्रँक कानशीने घासला, माझ्या दोन्ही टोकांच्या छऱ्यांच्या वाट्या सैल केल्या, पुन्हा आवळल्या. शेवटी हातोडी घेऊन ते चेनव्हीलच ठोकू लागले. उलटा बसलो होतो मी, आणि मार खात होते ते बिचारे चेनव्हील. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेजाऱ्याने खिडकीतून विचारले, सायकल जोडताय की वाजवताय?

आवाज ऐकून गळ्यात टेप अडकवलेल्या काकू बाहेर आल्या.

"सांगितलं तसंच उजवीकडे बसवलंय," काका म्हणाले. "हा एक्सलच कुचकामी निघाला."

"उजवीकडे म्हणजे कुणाच्या?" काकूंनी विचारले. "मी माप घेते तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं. त्याची उजवी बाही माझ्या डाव्या हाताला येते. माझ्या उजव्यानं शिवत बसले असते तर लोकांनी कपडे तोंडावर फेकले असते."

काका उठून सांगाड्याच्या मागे, सायकल चालवणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहिले. तिथून पाहिले तर माझी लांब बाजू डावीकडे होती. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

"तुझी सायकल भंगारात दिली तेव्हाही माझ्याच बाजूनं बघितलं मी," ते पुटपुटले. "तुला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," काकू म्हणाल्या. "माझी होती ती."

मग काकांनी मला काढले, पुसले, ग्रीस लावून फिरवून बसवले. चेनव्हील नळीला न शिवता फिरले. काकांनी मान वर न करताच विचारले, ही ठेवायची का, की नकोच तुला?

"ठेवा," काकू म्हणाल्या. "कुलपाची किल्ली मात्र माझ्याकडे."

मित्रांनो, चेनव्हीलवरचे हातोडीचे पोचे अजून तसेच आहेत. आम्ही एकत्र फिरतो, आणि दर फेरीला मी ओशाळतो. आम्हाला वेळेवर ग्रीस द्या, पावसात उभे करू नका, हे मी सांगेनच. पण घरातली एखादी जुनी वस्तू टाकायला निघालात, तर ती ज्याची आहे त्याला आधी विचारा. वस्तूंना तोंड नसते. आणि तोंड असलेली माणसेही पुष्कळदा गप्प राहतात.