तितरितच्या पाटीवरचा डोळा

बुधवारी सकाळी शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया भिंतीवर चढल्या होत्या, बाप्ये गाढवं दाराशी बांधून आत घुसले होते, आणि मधोमध उन्हात तीस पाट्या वाळत पडल्या होत्या. काळ्या पाट्या, वर पांढऱ्या मातीचा ओला लेप. आमची पोरं एरवी कधी गप्प बसतात? त्या दिवशी एकाचाही आवाज नव्हता.

पाट्यांमधून सी बुश्ता फिरत होता. ताईत बांधणारा, भूत उतरवणारा फकीह. पांढराशुभ्र झगा, सुरमा घातलेले डोळे, अंगठ्याचं नख हे एवढं लांब.

"ही साधी माती नाही, आयांनो! वलीच्या, थोर संताच्या, कबरीवरची आहे. माणूस खोटं बोलेल, ही बोलणार नाही. तुमच्या शाळेखाली सोन्याचे सात रांजण आहेत. त्यांच्यावर जिन्न बसलाय. तुमचं पाणी त्यानंच गिळलंय. त्याला हवंय एक झोहरी पोर. कुठलं, ते माती सांगेल."

शाळेचा नळ आणि गावची विहीर तीन आठवडे कोरडी होती. त्यामुळे तो काय म्हणेल ते ऐकायला सगळे तयार होते. आणि झोहरी म्हणजे काय, हे आमच्या डोंगरात दूधपित्या पोरालाही ठाऊक. ज्याच्या तळहातावर आडवी, न तुटलेली एकच रेघ असते ते पोर. गुप्तधनाचं दार त्याच्या रक्तानं उघडतं म्हणतात. दोन वर्षांपूर्वी खोऱ्यापलीकडचं एक पोर असंच 'तीन थेंबांसाठी' नेलं होतं. त्याची आई अजून वाटेवर बसलेली असते.

माझ्या नातीच्या, तितरितच्या, उजव्या हातावर तशी रेघ आहे. मी तिच्या तळहाताला बारा महिने मेंदी का थापते, हे घरात कुणी मला विचारलं नव्हतं. विचारायची छाती पण नव्हती कुणाची.

पाट्या वाळत गेल्या, एकेक पांढरी पडत गेली. आणि एका पाटीवर माती धरलीच नाही. तिथे काळा आकार उमटला. लांबट डोळा, मधे बुबुळ.

बायांनी छाती पिटली. तितरितनं माझ्या शालीत तोंड खुपसलं.

"आजी, ती माझी पाटी आहे."

मी साठी ओलांडलेली बाई. लांडगा पाहिलाय, बर्फात तीन मेंढ्या आणि एक नवरा गमावलाय. पण तेव्हा मी भिंतीला टेकले. खोटं कशाला सांगू, मी पण मानलं.

"उद्या दुपार कलल्यावर, अस्रच्या अजानीला येतो," सी बुश्ता म्हणाला. "पोरीला आंघोळ घाला. पाटी उशाशी ठेवा. कुणी आडवं आलं तर जिन्न त्याच्या घरात शिरेल."

घरी माझा मुलगा मोहा खाली मान घालून बसला.

"आई, तो तीनच थेंब म्हणतो. करंगळीतून."

"मग तुझ्या करंगळीतून दे."

"माझ्या हातावर रेघ नाही ना. सगळा गाव पाण्याला तरसलाय. नाही म्हटलं तर आपल्याला इथे राहू देतील का?"

"जीभ आवर. पोर ऐकतेय."

पोर मागाच्या मागे, विणायला घेतलेल्या गालिच्याआड लपली होती. मूठ घट्ट आवळलेली. उघड म्हटलं तरी उघडेना.

मला काहीच सुचेना, म्हणून खालच्या ओढ्यावरून गाढवानं आणलेल्या पाण्यातलं थोडं घेऊन मी पाटी धुवायला घेतली. बाईमाणसाला भीती वाटली की ती काहीतरी धुते. ओल्या फडक्यानं माती झटकन निघाली. पण पाणी सगळ्या पाटीवर पसरलं, आणि डोळ्याच्या जागी मात्र थेंब थेंब होऊन घरंगळून गेलं.

मी परत पाणी टाकलं. परत तेच.

आता मला अक्षरओळख नाही. साक्षरतेच्या वर्गाला चाळीस दिवस गेले, नाव लिहायला शिकले आणि बास म्हटलं. पण लोकर मला कळते. मेंढीची लोकर नीट न धुता रंगाच्या कढईत टाकली, की जिथे चरबी राहते तिथे रंग चढत नाही. नवख्या पोरी रडतात, 'कुणीतरी नजर लावली.' मी त्यांच्या टाळक्यात चमचा घालते. नजर नाही गं, चरबी!

मी डोळ्यावरून नख ओढलं. नखात पांढरट भुगा आला. वास घेतला. मेणबत्ती.

"तितरित, बाहेर ये. मंगळवारी हा माणूस वर्गात आला होता ना? काय केलं त्यानं?"

"सगळ्यांच्या पाट्यांवर फुंकर मारली. सगळ्यांचे हात बघितले. माझी मेंदी उतरलीय ना." तिला हुंदका आला. "माझी पाटी मांडीवर घेऊन किती वेळ पुटपुटत होता. त्याचा अंगठा हलत होता."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"कुणी विचारलंच नाही."

कुणी विचारलंच नाही! अख्ख्या गावानं मातीला विचारलं, पोराला विचारलं नाही.

गुरुवारी उजाडताच मी गिझलान बाईंच्या दारात उभी. शहरातून आलेली मास्तरीण, वय चोविसाच्या आतच. तिचेही डोळे रात्रभर जागून लाल झालेले.

"आजी, मी थांबवायला हवं होतं. गावचे कारभारी मुकद्दम म्हणाले, गावाच्या भानगडीत पडलात तर बदली होईल."

"बदली झाली तर जाशील गाडीत बसून. माझी पोर कशात बसून जाईल?"

ती रडेल असं वाटलं. पण तिनं वीज गेल्यावर लागणारी मेणबत्ती काढली, एका पाटीवर डोळा काढला, आणि मी घर सारवायची माझी पांढरी माती कालवली. पाटी बुडवली. चुलीजवळ धरली. डोळा उमटला.

मग बाई म्हणाल्या, "पोरांना लवकर बोलवा. आज विज्ञानाचा तास आधी."

अस्रची अजान झाली. सी बुश्ता आला. बरोबर खेचर, फावडी घेतलेले दोन गडी, आणि खोगिरावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट. करंगळीच्या तीन थेंबांना एवढं लांब पातं कशाला? सगळा गाव त्याच्यामागे. मोहाही.

गिझलान बाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. हातात पट्टी.

"शाळा सुटेपर्यंत ही माझी विद्यार्थिनी आहे. एक धडा उरलाय. तो झाल्यावर बघू."

"धडा?" सी बुश्ता हसला. "सोन्याच्या दाराशी पाढे म्हणणार?"

"बसा ना, सी बुश्ता," मी म्हटलं. "शिकायला वय लागत नाही. मला बघा."

पोरं रांगेनं आली. प्रत्येकानं आपली काळी पाटी मी माती कालवलेल्या टबात बुडवली आणि उन्हात ठेवली. मुकद्दमानं विचारलं, "ही माती कुठली?"

"माझ्या चुलीमागची. त्या वलीचं नाव तूदा. अजून जिवंत आहे, तुझ्यासमोर उभी आहे."

वाळेपर्यंतचा तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. तितरितचं बोट माझ्या बोटात होतं, बर्फासारखं गार.

आमच्या शाळेत पट्टी एकदा वाजली की पोरं उत्तर लिहितात, दुसऱ्यांदा वाजली की सगळ्यांच्या पाट्या एकदम वर. बाईंनी टेबलावर पट्टी मारली. टक्.

तीस पाट्या वर गेल्या. तीस डोळे गावाकडे बघत होते.

"सकाळी मुलांनी मेणबत्तीनं काढलेत," बाई म्हणाल्या. "मेणावर पाणी ठरत नाही, म्हणून माती धरत नाही. यांनी मंगळवारी अंगठ्याच्या नखात मेण धरून तितरितच्या पाटीवर काढला होता. काळ्यावर मेण दिसत नाही."

"जिन्न कोपला!" सी बुश्ता ओरडला. "तीसही पोरांना त्यानं धरलं!"

"मग तीसही ने," मी म्हटलं. "आधी मुकद्दमाचा धाकटा ने. पुढेच उभा आहे."

मुकद्दमानं पोराला मागे ओढलं. पण फकीह सुटणारा नव्हता. त्यानं तितरितचं मनगट धरून मूठ उघडली.

"पाटी खोटी असेल! ही रेघ? ही पण मेणबत्तीनं काढली का?"

गर्दी पुढे सरकली. पुन्हा तीच नजर, कालची. तेव्हा मला कळलं, पाटीनं भागणार नाही.

मी माझा उजवा हात वर केला. माझी आई वर्षभर माझ्या तळहाताला मेंदी थापायची, काळीकुट्ट होईपर्यंत. पुढे मीच थापत आले. साठ वर्षं. नवऱ्यालासुद्धा दाखवला नव्हता मी हा हात. रमजाननंतर लावलेली मेंदी, पाण्याअभावी पुन्हा न थापल्यानं, आता फिकी पडली होती.

"बघा. तीच रेघ. आडवी, न तुटलेली. या हातानं मी शेकडो गालिचे विणले, चार पोरं वाढवली, शेण काढलं. एकाही रांजणानं मला हाक मारली नाही. रक्त हवंय ना? घे. माझं जुनं आहे, चांगलं मुरलंय."

मग मेंढपाळ अम्झियाननं हळूच आपला हात उघडून पाहिला आणि वर केला; तिथंही तीच रेघ. मग भिंतीवरून मुकद्दमाच्या बायकोनं. सी बुश्तानं मनगट सोडलं. मोहा मधे येऊन उभा राहिला. उशिरा, पण राहिला. फकीह खेचरावर चढला तेव्हा त्याचे गडी फावडी टाकून आधीच पळाले होते.

ती फावडी घेऊन पुरुष पाणी कुठे अडलंय ते बघायला डोंगरावर गेले. पाणी वरच्या सफरचंदाच्या बागेतल्या नव्या, खोल बोअरनं ओढलं होतं. जिन्न नव्हता, पंप होता. आता त्याचं भांडण कचेरीत चाललंय. भांडण लांबेल, पण खऱ्या गोष्टीशी आहे.

आयांनो, मी अडाणी आहे, तरी सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडायच्या आधी नख ओढून बघा. नखात काय येतं, त्याचा वास घ्या. आणि पोराला विचारा, तू काय पाहिलंस. अल्लाहनं भीती सगळ्यांना दिली आहे, तसं डोकंही दिलं आहे.

सोमवारी पट्टी वाजली तेव्हा मी शाळेच्या दारात होते. तितरितची पाटी सगळ्यांत आधी वर गेली, उजवा तळहात टेबलावर उघडा पडलेला. आमच्या घरात मेंदी आता फक्त लग्नात लागते.