डिस्कवर अडलेली जागा

शिवणबाईंना आपल्या शिवणवर्गाचे व्हिडिओ नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचे होते. तो जाऊन आठ महिने झाले होते. त्याची हयात नकाशे काढण्यात गेली, पण ते सगळे नकाशे धरूनही डिस्क भरायला नको होती. तरी कॉम्प्युटर आपला जागा नाही म्हणून अडून बसलेला. शेवटी बाईंनी तो दुरुस्तीवाल्याकडे नेला.

"काकू, थोडी तूट धरायचीच," दुरुस्तीवाला म्हणाला. "कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या. म्हणून खोक्यावर हजार जीबी लिहिलेलं असलं तरी इथे नऊशे एकतीसच दिसतात."

"आणि बाकीची जागा?"

त्याने दोन-चार ठिकाणी उघडून पाहिलं. "ही बघा. काकांनी फायली पुसल्या, पण कचऱ्याची टोपली रिकामी केली नाही. पुसलेलं सगळं तिथेच पडून राहतं आणि जागा अडवतं. एकशे बारा व्हिडिओ आहेत. कायमचे काढून टाकू?"

"आधी एक बघू दे."

पडद्यावर नवरा दिसला. खिडकीजवळची खुर्ची, मांडीवर निर्जीव पडलेला उजवा हात. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेली होती. रोज बोलायचं, ते कॅमेऱ्यात टिपायचं आणि मग स्वतःच बघायचं, असं उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. शिवणबाईंच्या समोर त्याने दोन दिवस कसंबसं केलं, मग तोंडच उघडेना. एकदा त्या वैतागून म्हणाल्या होत्या, "तुम्हाला बरंच व्हायचं नाही. प्रयत्न म्हणून करत नाही तुम्ही." त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. दुसऱ्या झटक्यात तो गेलाच.

आता तो समोर जबडा वाकडा करून "अ... अ..." करत होता. डाव्या हाताने ओठ पुसायचा, पुन्हा सुरू. मागून शिलाईयंत्रांची घरघर ऐकू येत होती. म्हणजे पलीकडच्याच खोलीत बाईंचा वर्ग चालला होता.

दुरुस्तीवाला उठून दुसऱ्या कामाला लागला. बाई एकामागून एक व्हिडिओ लावत बसल्या. कुठल्याशा एका दिवशी शब्द पुरा आला. "अगं." एकतीस वर्षं त्याने त्यांना दुसरी हाक मारली नव्हती. तो एकटाच हसला, पुन्हा म्हणायला गेला, तर येईना. त्याने टेबलावर मूठ आपटली आणि कॅमेरा बंद केला.

"काहीच काढू नकोस," बाई म्हणाल्या. "सगळे होते तिथे परत ठेव."

"मग तुमच्या वर्गाला जागा पुरायची नाही, काकू."

"नाही तर नाही."

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "तुझे बाबा प्रयत्न करत होते गं. रोज करत होते."

"नव्हते करत असं कोण म्हणालं?"

"मी," शिवणबाई म्हणाल्या. "त्यांच्या तोंडावर म्हणाले होते."