भागीरथीबाईचा लाभांश

कमळाकरला शेअर बाजाराने कधी बुडवलं नाही. त्याला बुडवत होती त्याची आई, आणि तीही दरवर्षी, हसतमुखाने.

नवी मुंबईतल्या पावण्याच्या गावठाणात त्यांचं घर. भातशेती केव्हाच शहराच्या पोटात गेली, आणि तिच्या बदल्यात पुष्कळ वर्षांनी सरकारच्या साडेबारा टक्के जमीन परत देण्याच्या योजनेतला एक लहानसा प्लॉट मिळाला, तो आईच्या, म्हणजे भागीरथीबाईच्या नावावर. प्लॉट बिल्डरला दिला तेव्हा अडतीस लाखांचा चेक आला, तोही तिच्याच नावाने. असे चेक गावात किती आले आणि कुठे विरघळले हे कमळाकरने डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणाच्या दारात मोठी गाडी आली, कुणाच्या हळदीला चार हजार माणूस मटण जेवून गेलं, आणि पाच वर्षांनी तोच यजमान कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमनच्या कपड्यांत उभा. कमळाकर स्वतः तळोज्यातल्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर. अठ्ठावन्नाव्या वर्षी कंपनी घरी बसवणार, आणि मग पेन्शन म्हणून हातात येणार महिना तीन हजार शंभर रुपये. एवढ्यात एक तर औषधं येतात नाही तर गॅस.

म्हणून त्रेपन्नाव्या वर्षी त्याने कंबर कसली. टिपा देणाऱ्यांना दारात उभं केलं नाही. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत कंपन्यांचे अहवाल वाचले, कळेना तिथे मुलीला, वैदेहीला विचारलं. ज्या कंपनीचा लाभांश टक्क्यांत डोळे दिपवतो ती घ्यायची नाही, कारण बहुतेक वेळा भाव आपटलेला असतो म्हणून टक्का फुगलेला दिसतो. दहा वर्षं न चुकता लाभांश देणाऱ्या चौदा कंपन्या त्याने निवडल्या. एकीतही दहाव्या हिश्श्याहून जास्त पैसा घातला नाही. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि पहिली पाच वर्षं येणारा लाभांशही खायचा नाही, त्यातूनच पुन्हा शेअर घ्यायचे. असं केलं तर निवृत्तीच्या दिवसापासून महिन्याला एकोणीस-वीस हजार घरबसल्या येतील, असा त्याचा हिशेब होता. हिशेबात चूक नव्हती. कुणीही तपासून बघावा.

फक्त पैसा आईचा, म्हणून शेअर आईच्या नावावर, आणि लाभांश जमा व्हायचा तो आईच्या बँक खात्यात. त्या खात्याचं पासबुक आईच्या उशीखाली असे. कमळाकरने चौदा कंपन्यांचा अभ्यास केला. उशीचा करायचा राहिला.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात लाभांश आले, एकूण सव्वा लाख. ऑगस्टच्या शेवटी नवे शेअर घ्यायला तो हौसेने बसला, आणि वैदेहीने मोबाईलमध्ये पाहून सांगितलं, "पप्पा, अकाउंटला एक्केचाळीसच हजार दिसतायत."

आईला विचारलं, तर ती शांतपणे वाल सोलत म्हणाली, "बरोबर हाय. तीन वाटं केलं. एक रखमाचा, एक वेनूचा. तुजा ठेवलाय ना खात्यात."

रखमा आणि वेणू या कमळाकरच्या धाकट्या बहिणी, दोघीही तळोज्याच्या बाजूला दिलेल्या. शेती होती तेव्हा या घराची एक रीत होती. खळ्यावर झोडणी झाली की भात घरात यायच्या आधी दोन्ही लेकींची पोती बाजूला निघायची, आणि ती बैलगाडीने त्यांच्या सासरी पोचल्याशिवाय घरच्या चुलीवर नवा तांदूळ चढायचा नाही. शेती गेली आणि रीत बंद पडली. निदान कमळाकरची तशी समजूत होती. भागीरथीबाईच्या लेखी मात्र ती बंद नव्हती, पीक नव्हतं म्हणून थांबलेली होती. आता पंचवीस वर्षांनी खात्यात पीक आलं, तर म्हातारी ऐंशीच्या घरात असूनही रिक्षा करून बँकेत गेली, अंगठा उठवून पैसे काढले आणि लेकींना पोचते केले.

कमळाकरने त्या वर्षी राग गिळला. नवीन आहे, समजावलं की समजेल, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वर्षी जून लागायच्या आधीच तो आईसमोर मांडी घालून बसला आणि तिला कळेल अशा भाषेत बोलला.

"आये, हे बियाणं हाय. बियाण्याचं भात कोन वाटतं का? पेरलं तर वाढंल ना."

"बियानं ते अडतीस लाख," आई म्हणाली. "त्याला मी हात लावला का? ह्ये त्याच्यावरचं पीक."

"पीकच, पन पाच वर्षं परत पेरायचं."

"पाच वर्षं पीक पेरायचं आनि खायाचं नाय? असा कोन शेतकरी?"

कमळाकरच्या डोक्यात तिडीक गेली. चक्रवाढ म्हणजे काय हे वैदेहीला त्याने एका संध्याकाळी समजावलं होतं, पाळीतल्या पोरांना चहाच्या कपाएवढ्या वेळात समजावलं होतं. आईपुढे मात्र गाढवापुढे वाचली गीता असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण दर वेळी उत्तर तिचंच बरोबर निघायचं. तो नको ते बोलून गेला. "आनि त्या दोघींनी प्लॉटच्या टायमाला हक्क सोडलाय ना? सह्या केल्यात. कागद हाय माज्याकडं."

आईने वालाची परात बाजूला ठेवली. "त्यांनी सही केली ती जमिनीवर. पिकावर कवा केली?"

यावर त्याच्याकडे कागद नव्हता. दुसऱ्या वर्षीही तीन वाटे झाले. बहिणींचे फोन आले, दादाने आठवण ठेवली म्हणून दोघी रडल्या, आणि कमळाकरला "असू दे, असू दे" म्हणावं लागलं. त्या रात्री त्याने वैदेहीकडून पुन्हा हिशेब करून घेतला. या चालीने वीस हजारांना पाच वर्षं नाही, दहा-अकरा वर्षं लागणार होती. म्हणजे साठी उलटून गेल्यावर. तोवर त्यानेही एखाद्या गेटवर उभं राहायचं की काय?

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तो वाशीला ब्रोकरच्या ऑफिसात गेला आणि एक फॉर्म घेऊन आला. लाभांश यापुढे आईच्या खात्यात न जाता आईच्या आणि त्याच्या जोडखात्यात जावा, असा. जोडखात्याचं पासबुक नव्हतं. ते त्याच्या मोबाईलमध्ये होतं.

"आये, इथं अंगठा लाव. सोपं पडतं मोबाईलवर, तुला बँकेत जायाला नको. पाय दुखतात ना तुजे."

भागीरथीबाईने अंगठा शाईत बुडवला आणि मध्येच थांबली. "आनि लेकींचं?"

"मी बघीन."

"बघ," ती म्हणाली आणि अंगठा उठवला. कशावर उठवला ते तिने विचारलं नाही. कमळाकरला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं गेलं, आणि त्याचाच त्याला राग आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

जूनपासून लाभांश येऊ लागले. ऑगस्ट अखेर एक लाख एक्केचाळीस हजार झाले आणि कमळाकरने ते सगळेच्या सगळे पुन्हा शेअरमध्ये घातले. तीन वर्षांत पहिल्यांदा हिशेब वहीत लिहिल्याबरहुकूम झाला. आनंद व्हायला हवा होता. पण रोज कामावरून येऊन बूट काढतो न काढतो तोच ओटीवरून आवाज यायचा.

"कमला, पीक आलं का रं?"

"नाय आलं अजून."

पहिल्यांदा तो हे सहज बोलला. पंधराव्यांदा बोलताना त्याचा आवाज चढला. "नाय आलं म्हनून सांगितलं ना. यंदा कंपन्यांचंच बरं नाय."

"पानी तर झकास झाला."

"त्या पान्यावर नाय चालत, आये."

"मंग कशावर चालतात?"

तीन वर्षं तो हेच सांगत आला होता. आता तो वाकून काढलेले बूट सरळ लावत बसला. वैदेही मोबाईलमधून मान वर करून बापाकडे बघत होती. तिला आकडा माहीत होता. "तू गप बस," तो तिला म्हणाला. ती काही बोललीच नव्हती.

आईने मग विचारायचं सोडलं. कमळाकरला वाटलं, सुटलो एकदाचा. ती विसरली असणार, म्हातारपण आहे. गणपती गेले, पितृपक्षही संपत आला. आणि एका रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. रखमा उतरली, तिच्यामागे रिक्षावाल्याने तांदळाचं पोतं उतरवून ओटीवर टेकवलं.

"ह्ये काय?" कमळाकरने विचारलं.

"आये बोलली फोनवर, दादाचं पीक बुडालं यंदा." रखमा पदराने घाम पुसत बाजेवर टेकली. "कंपन्याच बसल्या, बोलली. आनि नोकरीची पन दोनच वर्षं रायली ना तुजी? मना रातभर झोप नाय. वेनूला फोन केला. तांदूल तिच्याकडचा हाय. आनि ह्ये माजं." तिने कमरेच्या पिशवीतून एक पाकीट काढलं. "रूमचं भाडं आलंय. जास्त नाय, धा हजार हायत. दोन वर्षं तू दिलंस, कदी बोलून दावलं नायस. यंदा आमचं घे."

कमळाकर उंबऱ्यात उभा होता. खिशात मोबाईल होता. आत स्वयंपाकघरात वैदेहीचा भांड्यांचा आवाज थांबला होता.

"अगं, नको," तो म्हणाला. "तसं काय नाय. तुमी उगाच..."

"घे रं," आई म्हणाली. तिच्या आवाजात बोच नव्हती. असती तर त्याला भांडता आलं असतं. "लाजायचं काय त्यात? पिकाचं हाय, एकांदं वरीस जातं. लेकी कशाला असतात मंग?"

रखमा पाकीट पुढे धरून बसली होती. त्याने ते घेतलं. न घेतलं असतं, तर का घेत नाही ते सांगावं लागलं असतं.